जवानाच्या कॅमेऱ्याला 'हो' किंवा 'नाही' तरी म्हणा

गोव्यातल्या वास्कोत माझ्या बाबांचा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्टचे फोटो, लग्न-मुंजी, दुकानांची उद्घाटनं, आणि धुवायला येणारे रोल. गाव बंदराचं आणि नौदलाचं, त्यामुळे रोल घेऊन येणाऱ्यांत सेलर पोरं पुष्कळ. रविवारी लिबर्टीवर, म्हणजे गावात फिरायच्या सुट्टीवर सुटली की कडक इस्त्रीच्या सिव्हिल कपड्यांत यायची, छत्तीसचा रोल काउंटरवर ठेवायची आणि विचारायची, "अंकल, कब मिलेगा?" काळ्यापांढऱ्याचे रोल बाबा स्वतः डार्करूममध्ये धुवायचे, रंगीत मडगावला लॅबला जायचे. पण निगेटिव्ह कुठेही धुतलेली असो, प्रिंट काढण्याआधी बाबा ती लाइट टेबलावर पसरून भिंगातून एकेक फ्रेम बघायचे. मी शाळेतून आले की शेजारच्या स्टुलावर बसून बघत असे.

मधूनच एखाद्या फ्रेमवर त्यांचं भिंग थांबायचं. कडेला पेन्सिलीची बारीक फुली पडायची. तो सेलर आला की बाबा त्याला आत बोलवायचे, भिंग त्याच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "बेटा, दोस्तों को मत देखो, पीछे देखो." पुढे दोन मित्र खांद्यावर हात टाकून हसत असायचे आणि त्यांच्या डोक्यांमधल्या फटीतून असं काही दिसत असायचं जे घरच्या अल्बममध्ये जायला नको होतं. पोराचं तोंड उतरायचं. बाबा ती एक फ्रेम कात्रीने कापून त्याच्या हातात ठेवायचे, उरलेल्या पस्तिसांचे प्रिंट काढायचे. या सगळ्याला पाच मिनिटं लागायची.

बाबांना हे काम कोणी दिलं नव्हतं. त्यांचा ना नौदलाशी करार होता, ना त्यांच्याकडे कसला कागद. पण आज सैन्यातल्या माणसाने फोटोग्राफीचा किंवा छोट्या फिल्म करण्याचा छंद जोपासावा की नाही, यावर बोलताना मला त्या लाइट टेबलाइतकं नेमकं उदाहरण दुसरं सापडत नाही. कोणीतरी बघितलं, कोणीतरी ठरवलं, का ते सांगितलं, आणि बाकीच्या पस्तीस फ्रेम ज्याच्या त्याला दिल्या. माझी मागणी एवढीच आहे की हे बघणं, ठरवणं आणि सांगणं फौजेने स्वतः, लेखी आणि ठरलेल्या मुदतीत करावं.

आधी धोक्याचं बोलते, कारण तो खरा आहे. डिसेंबर २०१९ मध्ये नौदलाच्या सात जणांना हेरगिरीच्या आरोपाखाली अटक झाली. सोशल मीडियावरच्या ओळखीतून जाळ्यात ओढलं गेल्याचं ते प्रकरण होतं. पाठोपाठ नौदलाने तळांवर आणि जहाजांवर स्मार्टफोन आणि फेसबुक बंद केलं. जुलै २०२० मध्ये लष्कराने आपल्या लोकांना ८९ ॲप काढून टाकायला सांगितली, त्यात फेसबुक आणि इन्स्टाग्रामही होतं. त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलेली याचिका ऑगस्टमध्ये फेटाळली गेली. त्याआधी जानेवारी २०१८ मध्ये स्ट्रावा या व्यायामाच्या ॲपने जगभरच्या धावणाऱ्यांचा एकत्रित नकाशा प्रसिद्ध केल्याचा परिणाम सगळ्यांना कळला. वाळवंटात जिथे काहीच दिसायला नको तिथे उजळ रेषा उमटल्या होत्या. रोज सकाळी तळाच्या कुंपणाकडेने धावणाऱ्या सैनिकांच्या त्या रेषा. फोटो कोणी काढला नव्हता, कॅमेरा कोणाच्या हातात नव्हता, तरी तळाचा आराखडा जगापुढे आला.

फोटोबद्दल तर मी रोज वर्गात शिकवते की चित्र जितकं दाखवतं त्याहून जास्त सांगतं. सावलीची लांबी बघून वेळ काढता येते. मागच्या डोंगराची रेघ ओळखता आली तर जागा कळते. खांद्यावरच्या पट्टीवरून यूनिट कळतं, भिंतीवरच्या बोर्डावरून कंपनी, पार्किंगमधल्या गाड्यांवरून संख्या. मोबाइलने काढलेल्या फोटोच्या पोटात तारीख, वेळ आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांशही बसलेले असतात. हे सगळं बाबांच्या भिंगातून दिसणारं नव्हतं. तेव्हा एक रोल एकाच हातातून दुसऱ्या हातात जायचा. आता एक फोटो एका मिनिटात कुठे कुठे पोचतो याचा हिशोब फोटो काढणारा ठेवतही नाही आणि ठेवू शकतही नाही.

म्हणून बंदीचं समर्थन करणाऱ्यांना मी मूर्ख समजत नाही. माझं म्हणणं इतकंच की धोका भिंगात नाही, तारेत आहे. इंटरनेटला न जोडलेला, वायफाय नसलेला जुना डीएसएलआर कॅमेरा हा खिशातल्या मोबाइलपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. त्यातलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं की त्यात काय आहे ते कोणीही बघू शकतो. पण डोळ्यांत भरतो तो डीएसएलआरच. गळ्यात अडकवलेला, लांब नळीचा. मोबाइल संवेदनशील जागी गेटवर जमा होतो आणि ड्यूटी संपली की परत मिळतो. कॅमेरा घेऊन आलेल्या माणसाकडे मात्र चौकशीच्या नजरेने बघितलं जातं, आणि ती नजर त्याच्या बदलीपर्यंत पाठ सोडत नाही. गोव्यात याची विसंगती जास्तच जाणवते. दाबोळीला विमान उतरताना घोषणा होते की हा संरक्षण दलाचा विमानतळ आहे, फोटो काढू नका. घोषणा चालू असतानाच चार खिडक्यांशी चार मोबाइल उभे असतात. काय टिपू नये याचं प्रशिक्षण ज्याला सरकारने खर्च करून दिलं, त्या माणसाच्या हातातला कॅमेरा आपल्याला जास्त धोक्याचा वाटतो.

बाबांच्या त्या पस्तीस फ्रेममध्ये काय असायचं ते सांगायला हवं, कारण ते माहीत नसलेला माणूस समजतो की फौजी फोटो काढतो म्हणजे तोफांचे आणि जहाजांचे काढतो. मी बघितलेले बहुतेक फोटो वाळत घातलेल्या कपड्यांचे होते. पांढऱ्या गणवेशांची दोरी, वाऱ्याने सगळ्या बाह्या एकाच दिशेला. ओळीने ठेवलेले बूट. ताटातली डाळ. झोपलेला मित्र. पत्र वाचणारा मित्र, तोच मित्र पत्र वाचून झाल्यावर. बोगमाळोच्या वाळूत गुडघ्यापर्यंत उभं राहून काढलेले एकमेकांचे फोटो तर प्रत्येक रोलमध्ये. गढवालकडचा एक सेलर होता, त्याने एका श्रावणात वास्कोच्या दामोदराचा सप्ताह रात्रभर टिपला. चोवीस तास अखंड भजन, एकामागून एक येणारे पार, म्हणजे भजनी मंडळींचे जथे, टाळांच्या गर्दीत झोपेला आलेलं एक पोर बापाच्या खांद्यावर. आम्ही वास्कोतलेच. सप्ताह जन्मापासून बघत आलो. पण पहाटे साडेचारला देवळाच्या पायरीवर फुलवाली आपल्या उरलेल्या माळा मोजत बसते, हे मला त्या गढवाली पोराने दाखवलं. परमुलखात आलेल्या माणसाचा डोळा वेगळाच चालतो. फौजेतला माणूस आयुष्यभर परमुलखातच असतो.

आणि तो वाट बघत असतो. नागरी माणसाला फौजेचं आयुष्य म्हणजे धावपळ वाटते. जवळून बघितलेल्यांना विचारा, ते सांगतील की त्यातला फार मोठा भाग वाट बघण्याचा आहे. रजेची, बदलीच्या ऑर्डरची, गाडीची, पहाऱ्यावरच्या पुढच्या माणसाची. त्या वेळेत माणूस पत्ते खेळतो, मोबाइल चाळतो, दारूकडे वळतो, नाहीतर आतल्या आत कुढतो. ज्याला बघण्याचा छंद लागला त्याला तीच दोन तासांची वाट प्रकाश कसा सरकतो हे कळण्यात जाते. मी हे अलंकार म्हणून लिहीत नाही. माझ्या शनिवारच्या वर्गाला येणाऱ्या वर्दीतल्या मुलांना मी पहिला धडा देते तो एका खिडकीचा. तीन तास, तीच खिडकी, दर वीस मिनिटांनी एक फोटो. कॉलेजची मुलं चौथ्या फोटोला कंटाळतात. फौजी कंटाळत नाही. त्याला उभं राहणं येतं.

सैन्याला छंदांचं वावडं आहे असंही नाही. गिर्यारोहण, शिडाच्या बोटी, घोडेस्वारी, बॉक्सिंग यांना फौजेने पोसलंय आणि त्याचा अभिमान बाळगलाय. खडकवासल्याच्या एनडीएत, जिथे अधिकारी घडतात, छंदांचे क्लब आहेत, त्यात फोटोग्राफीही आहे. म्हणजे अठराव्या वर्षी जे शिकवण्यासारखं वाटतं ते तिसाव्या वर्षी संशयास्पद वाटावं, याला कारण हवं. आणि जवानाला तर ते अठराव्या वर्षीही मिळत नाही.

इतिहास बघितला तर या देशात कॅमेरा रुजवणाऱ्यांत गणवेशातली माणसं पुढे होती. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ ची. दुसऱ्याच वर्षी बॉम्बे आर्टिलरीचा कॅप्टन थॉमस बिग्ज विजापूर, बदामी, ऐहोळेचे फोटो काढत होता. मद्रास फौजेच्या लिनियस ट्राइपने ब्रह्मदेश आणि पुढे मदुराई टिपली. कंपनी सरकारने आपल्या ॲडिसकोंबच्या लष्करी विद्यालयात फोटोग्राफी शिकवायला घेतली ती त्याच सुमारास. ही माणसं राज्यकर्त्यांची होती आणि त्यांचे फोटो राज्य करण्याच्याच कामी आले, हे विसरायचं कारण नाही. पण बदामीच्या लेण्यांचं दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीचं रूप आपल्याला दिसतं ते एका तोफखान्याच्या कॅप्टनमुळे, हेही तितकंच खरं.

स्वतंत्र भारतातलं उदाहरण याहून ठळक आहे. कर्नल नरेंद्र कुमार, ज्यांना सगळे 'बुल' कुमार म्हणत. १९७८ मध्ये ते सियाचिन हिमनदीच्या बाजूने तेराम कांग्री शिखरावर मोहीम घेऊन गेले, १९८१ मध्ये पुन्हा त्या भागात गेले. या मोहिमांतले फोटो, नकाशे आणि नोंदी पुढे लष्कराच्या आखणीत कामी आल्या, आणि १३ एप्रिल १९८४ ला सियाचिन ताब्यात घेण्याची मोहीम, ऑपरेशन मेघदूत, सुरू झाली. डोंगर चढण्याचं वेड असलेला एक अधिकारी हातात कॅमेरा घेऊन हिमनदीवर गेला नसता तर त्या आखणीला जमिनीवरचा डोळा मिळाला नसता. छंदाचा असा उपयोग झाला तरच तो ठेवावा, असं मात्र मी म्हणत नाही. वाळत घातलेल्या बाह्यांच्या फोटोने कोणतीच हिमनदी वाचत नाही, तरी तो काढण्याचा हक्क त्या पोराला असावा.

गोव्यात राहणाऱ्याला तर फार लांब जायलाच नको. मांडवीच्या पात्रातल्या दिवाडी बेटावर, इथल्याच कारागिरांच्या हातून, आधी 'म्हादेई' आणि मग 'तारिणी' या शिडाच्या बोटी तयार झाल्या. १० सप्टेंबर २०१७ ला बेतीजवळच्या आयएनएस मांडवी या नौदल तळावरून तारिणी निघाली, नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन. पृथ्वीप्रदक्षिणा करून २१ मे २०१८ ला त्या परत आल्या. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नजवळचा तो काळा समुद्र, डेकवर चढून येणाऱ्या लाटा, बोटीच्या आतली ती लहानशी ओली खोली, हे आपण सगळ्यांनी बघितलं. पुढे त्यावर माहितीपटही निघाला. त्या बोटीवर सातवं माणूस नव्हतं. केप हॉर्नला जे टिपलं गेलं ते त्या सहाजणींच्याच हातांनी. पहारा, शिड, स्वयंपाक सांभाळून. जेट्टीवर उभं राहून ज्यांनी त्यांचं स्वागत केलं त्यांच्या मनात जे चित्र होतं ते कोणत्याही जनसंपर्क अधिकाऱ्याने काढलेलं नव्हतं. नौदलाला त्यात धोका दिसला नाही, कारण काय दाखवायचं आणि काय नाही हे आधी ठरलेलं होतं. इतकंच हवं आहे. जे सहाजणींसाठी ठरवता आलं ते साध्या शिपायासाठी का ठरवता येऊ नये?

आता यावर नेहमी येणारा आणि मला सगळ्यात जड जाणारा आक्षेप. जवानाच्या हाती कॅमेरा दिला की तो रील करेल, वर्दीत, रायफलीसकट, गाणं लावून. हे होतं आणि मला ते आवडत नाही. हत्यार हा दागिना नाही. त्याहून वाईट म्हणजे एखाद्या चकमकीनंतर पडलेल्या सोबत्याचा फोटो, घरी कळवणारा अधिकारी दारात पोचायच्या आधी, गावातल्या ग्रुपवर पोचणं. यासाठी कितीही कडक शिक्षा असली तरी मी ती मागे घ्या म्हणणार नाही. पण हे छंदाचं दुखणं नाही, प्रसिद्धीच्या घाईचं आहे. छंद आणि प्रसिद्धी यांच्यामध्ये भिंत घालता येते. फोटो काढणं वेगळं, दाखवणं वेगळं. आज दोन्हींना एकच भीती लावल्याने रील करणारा लपून करतच राहतो आणि लांगरीचे, म्हणजे यूनिटच्या स्वयंपाक्याचे, हात टिपणारा कॅमेरा विकून टाकतो.

लांगरीचं सांगते. चंदगड तालुक्यातला एक हवालदार काही वर्षांपूर्वी गोव्यात पोस्टिंगवर होता. आउट पास मिळेल त्या शनिवारी माझ्या वर्गाला यायचा. त्याने एक अकरा मिनिटांची फिल्म केली, यूनिटातल्या लांगरीवर. पहाटे साडेतीनला उठून पीठ मळणारे हात. परात. तव्यावर रोटी पडताना होणारा तो बसका आवाज, दोनशे वेळा. आणि त्या आवाजावर लांगरीचं बोलणं, आपली मुलगी दहावीला आहे आणि तिला त्याच्या हातची रोटी आवडत नाही, आईच्या हातचीच लागते. खिडकीसुद्धा दिसू नये म्हणून मागे पांढरी चादर बांधली होती. कुणाच्या अंगावर वर्दी नव्हती, बनियन होता. शूटिंगला तोंडी परवानगी होती, सुबेदार साहेब स्वतः बघायला उभे होते आणि शेवटच्या दिवशी त्यांनीच पीठ चाळून दिलं. मी वर्षानुवर्षं मुलांच्या फिल्म बघते. इतकी नेमकी, इतकी शांत फिल्म मी क्वचित बघितली आहे.

त्याने ती एका लहानशा महोत्सवात दाखवायची परवानगी मागितली. रीतसर अर्ज, सोबत सीडी, प्रत्येक दृश्यात काय आहे याचा तक्ता. तो तक्ता आम्ही दोघांनी बसून केला होता. आठ महिने गेले. 'हो' आलं नाही, 'नाही' आलं नाही, काय खटकतंय ते आलं नाही. मग बदलीची ऑर्डर आली. जाताना कोणीतरी वरिष्ठाने, बहुधा त्याच्या भल्यासाठीच, सल्ला दिला की फाइल वर आहे, उगाच नवीन ठिकाणी कटकट नको, ते मिटवून टाक. त्याने मिटवलं. मला येऊन सांगितलं तेव्हा तो चिडलेला नव्हता, हे मला जास्त लागलं. म्हणाला, "न्हाई म्हटलं असतं तरी चाललं असतं ताई. आमाला न्हाई ऐकायची सवय हाय. पण कायतरी म्हणाया पायजे हुतं."

कायद्याच्या पुस्तकात दार आहे. घटनेचा अनुच्छेद ३३ संसदेला सैनिकांचे मूलभूत हक्क कमी करण्याचा अधिकार देतो आणि तो असायलाच हवा. १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा निषिद्ध जागेची चित्रं-आराखडे शत्रूच्या कामी यावेत अशा रीतीने करणाऱ्याला, संरक्षणाशी संबंधित प्रकरणात, चौदा वर्षांपर्यंत कैद देऊ शकतो. तोही असायला हवा. १९५४ च्या लष्कर नियमांतला २१ वा नियम सांगतो की सेवेशी संबंधित माहिती पूर्वपरवानगीशिवाय प्रसिद्ध करायची नाही. म्हणजे परवानगी ही चीज नियमातच आहे. नाही ती मुदत. अर्जाला इतक्या दिवसांत उत्तर द्यावं, नकार असेल तर कारण लिहावं, असं त्यात कुठे बांधलेलं नाही. शिपायाच्या दृष्टीने मुदत नसलेली परवानगी आणि बंदी यांत फरक उरत नाही.

म्हणून मला हवं ते अगदी साधं आहे. प्रत्येक मोठ्या स्टेशनवर कॅमेऱ्याचा एक क्लब असावा, जशी बॉक्सिंगची रिंग असते. कॅमेरे क्लबचे, कार्ड क्लबची, इंटरनेटला न जोडलेला एक संगणक क्लबचा. कार्ड आत येताना आणि बाहेर जाताना रजिस्टरात नोंद, जशी कोतात, म्हणजे शस्त्रांच्या कोठारात, हत्याराची होते. फौजेला रजिस्टर ठेवायला कोणी शिकवायची गरज नाही. बघायला वेळ कोणाला आहे, असं विचारतील. शिक्षण कोअरचे प्रशिक्षक आहेत, त्यांना हे काम आवडेलही. सोबत सुरक्षेचं बघणारा एक अधिकारी. अर्जाला तीस दिवसांत उत्तर. तीस कमी वाटत असतील तर साठ घ्या, पण आकडा लिहा. जे आज दाखवता येत नाही पण वाईट नाही, त्यावर वर्ष घाला: पाच वर्षांनी, निवृत्तीनंतर, यूनिट हलल्यावर. बोगमाळो रस्त्यावरच्या नौदल हवाई संग्रहालयात विमानं आहेत, १९९८ पासून लोक येऊन सी हॅरियरसमोर उभे राहतात. त्या विमानाखाली रात्री दोन वाजता पाना घेऊन झोपलेल्या मेकॅनिकने काढलेले फोटोही तिथे असू शकतात, त्याच्या नावासह.

रजेतल्या चित्रणाचं तर वेगळं, सरळ लिहून टाकावं: घरी, गावात, वर्दीशिवाय, ओळख न सांगता जे टिपलं ते ज्याचं त्याचं. याला परवानगीच लागू नये. आज भीती इतकी पसरलेली आहे की माणूस आपल्या आईचा फोटोही जपून दाखवतो.

हे आत्ताच का, याला एक कारण आहे. जून २०२२ पासून अग्निवीर भरती चालू आहे. साडेसतराव्या वर्षापासून मुलगा जाऊ शकतो, चार वर्षांनी शंभरातले पंचवीसपर्यंत ठेवून बाकीचे घरी. चंदगड, खानापूर, दोडामार्ग, पेडणे, काणकोण इथली पोरं बाविशीत परत येणार. त्यांच्याकडे शिस्त असेल, धावणं असेल. सुरक्षारक्षकाच्या नोकरीची हमी सगळेच देतात. पण गोव्यात दर डिसेंबर-जानेवारीत लग्नं टिपायला माणसं कमी पडतात, बाहेरच्या शूटिंगला लाइट आणि साउंड सांभाळणारी पोरं मुंबईहून येतात. छंदातून रोजगार व्हावाच असा माझा आग्रह नाही, उलट छंदाने छंद राहावं. तरी चार वर्षांत ज्याला बघायला शिकवलं तो रिकाम्या हाताने परत येत नाही.

आणि इफ्फी, भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४ पासून आपल्याकडे आहे. दर नोव्हेंबरला जुन्या जीएमसीच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) आवारात जगभरचे लोक चहा पितात. तिथे एक सकाळ वर्दीतल्या माणसांच्या, तपासून मंजूर झालेल्या छोट्या फिल्मना द्या. लाल गालिचा नको. पणजीच्या आळतिनोवरून आणि वास्कोहून जवानांची एक बस भरून आली तरी पुरे. कर्नल राज कपूर यांनी निवृत्तीनंतर १९८९ मध्ये दूरदर्शनसाठी 'फौजी' ही मालिका केली तेव्हा लोकांना ती खरी वाटली, कारण करणाऱ्याला त्या मैदानाची धूळ माहीत होती. निवृत्त होईपर्यंत सगळ्यांना थांबवून ठेवायचं असेल तर पहाटेच्या लांगरीखान्याची धूळ आणि वाफ कोण टिपणार?

गोवा मुक्तीचं शरणागतीपत्र १९ डिसेंबर १९६१ ला रात्री साडेआठला आमच्या वास्कोत सही झालं. त्या दोन दिवसांचे फोटो दर डिसेंबरला प्रदर्शनात लागतात आणि मी दर वर्षी जाते. अधिकारी आहेत, कागद आहे, हस्तांदोलन आहे. चालत आलेल्या शिपायाने काय पाहिलं, कोणत्या घराने त्याला पाणी दिलं, त्याला झुआरी नदी कशी दिसली, ते त्या भिंतींवर नाही. पुढच्या वेळी असावं, असं मला फार वाटतं.

त्या हवालदाराची दुसरी एक हार्ड डिस्क माझ्याकडे आहे. त्यात लांगरी नाही, यूनिटातलं काहीच नाही. चंदगडची भातलावणी, म्हशी, पावसात गळणारी पडवी आणि त्याची आई. नवीन ठिकाणी कोणी विचारलं तर नको, म्हणून ठेवून गेला. पाकिटावर पेनाने २०३१ लिहिलंय, त्याच्या निवृत्तीचं वर्ष. ते पाकीट बाबांच्या निगेटिव्हच्या कपाटात आहे. हार्ड डिस्क नुसती ठेवून भागत नाही, मधूनमधून चालवावी लागते, म्हणून त्याला विचारून मी दर डिसेंबरला ती एकदा लावते आणि सगळ्या फाइली उघडतात का ते बघते. मग त्याला फोन करते. तो विचारतो, "चालती न्हवं ताई?" मी चालते म्हणून सांगते.